कारण म्हणजे काय? : अधूनमधून तुटणाऱ्या वाय-फायच्या निमित्ताने

घरातले वाय-फाय पूर्ण बंद पडले तर दोष शोधणे सोपे असते. ॲडॉप्टर जळालेला असतो, फायबरची तार तुटलेली असते, किंवा महिन्याचे पैसे भरायचे राहिलेले असतात. कठीण असते ते कधी चालणारे आणि कधी तुटणारे वाय-फाय. तोच राउटर, तीच खोली, तोच फोन. सकाळी चित्रपट न अडखळता दिसतो आणि रात्री साधा निरोप जात नाही. कारण जागेवर असताना कार्य कधी घडते आणि कधी घडत नाही, तर मग कारण म्हणायचे कशाला? हा प्रश्न जुना आहे. भारतात त्याचा सर्वांत बारकाईने विचार न्यायदर्शनाने केला. अक्षपाद गौतमांच्या न्यायसूत्रांपासून उदयनाचार्य आणि गंगेश उपाध्यायांपर्यंत, आणि पुढे सतराव्या शतकात अन्नंभट्टांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या तर्कसंग्रहापर्यंत हा विचार सलग चालत आला. नैयायिकांची उदाहरणे चूल, धूर, मडके, कुंभार अशी रोजची आहेत. त्यांची मोजमापे राउटरला लावली तर ती चपखल बसतात, आणि बिघाडाच्या शोधात माणसे नेमकी कुठे चुकतात हेही त्यांतून दिसते.

न्यायसूत्रांनी सांगितलेल्या सोळा पदार्थांत संशय तिसरा आहे आणि निर्णय नववा. संशय म्हणजे नुसते न कळणे नव्हे. एकाच वस्तूविषयी दोन विरुद्ध शक्यता मनात येतात, दोन्हींना समान असलेली खूण दिसते, पण भेद करणारी खूण दिसत नाही, अशा अवस्थेला संशय म्हणतात. अंधुक उजेडात उभे काहीतरी दिसते; उंची खांबाची आणि माणसाची सारखीच, हातपाय मात्र दिसत नाहीत. ‘नेट चालत नाही’ हे वाक्य असेच अंधुक उजेडातले आहे. फोन आणि राउटर यांच्यामधला रेडिओचा दुवा म्हणजे वाय-फाय, आणि राउटरपासून पुढे बाहेरच्या जगापर्यंत जाणारी वाट म्हणजे इंटरनेट. दोन्हींपैकी काहीही तुटले तरी फोनवर दिसणारे गोल फिरणारे चिन्ह एकच. म्हणून आधी भेद करणारी खूण शोधावी लागते. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडला आणि तरीही पाने उघडली नाहीत, तर वाय-फायला दोष देण्यात अर्थ नाही. फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा लाल दिवा लागला असेल, तर प्रकाशच घरापर्यंत पोचत नाही. केबलवर सगळे नीट चालते आणि हवेतून अडखळते, तरच शोध रेडिओकडे वळवावा. कधी संदेश जातात-येतात आणि संकेतस्थळे मात्र उघडत नाहीत. तेव्हा बहुधा नावाचे अंकी पत्त्यात रूपांतर करणारी डीएनएस सेवा अडलेली असते, वाट मोकळीच असते. हे पहिले वर्गीकरण पाच मिनिटांचे काम आहे. ते न करता राउटरची जागा बदलण्यात लोकांचे दिवस जातात.

नैयायिकांच्या मते कार्य एकट्यादुकट्या कारणातून निपजत नाही. ते सामग्रीतून निपजते. सामग्री म्हणजे लागणारी सगळी कारणे एकत्र येणे. मडक्याला माती हवी, चाक हवे, दांडा हवा, कुंभार हवा. भिंतीपलीकडच्या फोनवर चित्र हलायला वीज, ॲडॉप्टर, राउटर, मोकळा चॅनेल, फोनचा अँटेना, बाहेरची तार, सेवा देणाऱ्या कंपनीची यंत्रे हे सगळे एकाच क्षणी लागते. त्यामुळे चालणे आणि बिघडणे यांचा तोल सारखा नसतो. चालायला सगळे लागते, बिघडायला एकच पुरते. ‘बाकी सगळे ठीक आहे’ हा पुरावा बिघाड शोधताना फार कमी उपयोगाचा ठरतो तो यामुळे.

या सामग्रीत नैयायिकांनी एक विलक्षण घटक धरला आहे: प्रतिबंधकाचा अभाव. उदाहरण आगीचे आहे. आगीजवळ एक विशिष्ट मणी ठेवला की ती जाळत नाही आणि मणी उचलला की पुन्हा जाळते, असे मानून मीमांसक, म्हणजे मीमांसा या दुसऱ्या दर्शनाचे पंडित, आणि नैयायिक वाद घालतात. मीमांसक म्हणतात, आगीत दाहक शक्ती नावाची वेगळी गोष्ट असते आणि मण्यामुळे ती नष्ट होते. नैयायिक म्हणतात, अशी अदृश्य शक्ती मानण्याची गरज नाही. आग जशी दाहाचे कारण, तसा मण्याचा अभाव हेही दाहाचे कारण. मणी आला म्हणजे सामग्रीतला एक घटक गेला. आग होती तशीच आहे.

स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्ह भट्टी हा आजचा मणी आहे. तिच्या आतला मॅग्नेट्रॉन सुमारे २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी निर्माण करतो. वाय-फायचा जुना पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा; भारतात २००५ मध्ये तो परवान्याविना वापरायला मोकळा झाला. भट्टीच्या दारातून निसटणारी थोडीशी ऊर्जा माणसाला अपाय करत नाही, पण राउटरच्या क्षीण आवाजापुढे तीही मोठी ठरते. दूध गरम होईपर्यंत दिवाणखान्यातला व्हिडिओ कॉल अडखळतो आणि भट्टी थांबली की सुरळीत होतो. राउटरमध्ये काही बिघडलेले नसते. नैयायिकांनी या वादात उत्तेजक मण्याचाही विचार केला आहे: प्रतिबंधक मणी जवळ असूनही उत्तेजक मणी आणला की आग पुन्हा जाळते. इथे तो मान ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याकडे जातो. भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये या भागातला एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला. फोन त्या पट्ट्यावर नेला की भट्टी चालू असूनही कॉल चालतो.

मीमांसक आणि नैयायिक यांच्या या भेदाला घरात रोखीचे मोल आहे. ‘राउटरची ताकद कमी पडते’ असे म्हणणारा नकळत मीमांसकाच्या वाटेने जातो आणि जास्त अँटेनांचा महाग राउटर आणतो. ‘मध्ये काय आले?’ असे विचारणारा नैयायिक आधी आरसा, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी, सळयांची काँक्रीटची भिंत बघतो. बहुतेक घरांत दुसरी वाट बरोबर ठरते. मीमांसकाची बाजू मात्र अगदीच टाकाऊ नाही. जुन्या ॲडॉप्टरचा दाब भाराखाली उतरू लागला की राउटर खरोखरच क्षीण होतो, मधूनच स्वतः बंद पडून सुरू होतो, आणि मध्ये कोणताही मणी सापडत नाही.

कधीकधी घडणाऱ्या बिघाडाविषयी सर्वांत खोल विचार मात्र दुसऱ्या एका जुन्या कूटप्रश्नात आहे. आग गवतापासून पेटते, अरणीच्या घर्षणाने पेटते आणि सूर्यकांत मण्यातून आलेल्या उन्हानेही पेटते. गवत नसतानाही आग लागते, तर गवत आगीचे कारण कसे? हाच आक्षेप अरणीवर आणि मण्यावरही घेता येतो. मग आगीला कारणच उरत नाही. उदयनाचार्यांचे उत्तर असे की या तीन आगी एका जातीच्या नाहीत. कारणे वेगळी असतील तर कार्यातही भेद असतो. तो आपल्या डोळ्यांना दिसला नाही एवढेच. हे उत्तर आगीच्या बाबतीत कितपत पटावे यावर पंडितांचे मतभेद झाले. पण बिघाड शोधणाऱ्यासाठी यापेक्षा मोलाचे सूत्र नाही. कारण सापडत नसेल तर कार्याकडे पुन्हा, अधिक जवळून पाहावे.

‘नेट अडकते’ हे एक कार्य नाही, अनेक कार्यांचे एकच नाव आहे. फक्त मागच्या खोलीत अडकत असेल तर तो अंतराचा आणि भिंतींचा प्रश्न. सिग्नलची पातळी राउटरजवळ उणे ५० डीबीएम आणि मागच्या खोलीत उणे ८० असेल, तर हा ३० डेसिबलचा फरक म्हणजे शक्ती हजारपट कमी. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंती आणि शहरातल्या आरसीसीच्या भिंती या कामात निष्ठुर असतात. त्याच खोलीत फोन वीतभर सरकवल्यावर फरक पडत असेल तर लहरी भिंतींवरून परतून एकमेकींना खोडत आहेत, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असल्याने वीतभराला महत्त्व येते. घरातले कोणीतरी फोनमधले फोटो साठवणीला पाठवू लागले की सगळ्यांचेच कॉल तुटतात, हे आणखी वेगळे कार्य: बाहेर जाणाऱ्या अरुंद वाटेपाशी राउटरमध्ये लांब रांग लागते आणि कॉलचे छोटे तुकडेही त्या रांगेत अडकून उशिरा पोचतात. अशा वेळी रेंज पूर्ण दिसते, त्यामुळे गोंधळ वाढतो.

रेंजच्या चिन्हाचा प्रामाण्याच्या, म्हणजे त्यातून मिळणाऱ्या ज्ञानावर कितपत विसंबावे याच्या, अंगाने थोडा विचार करायला हवा. हे चिन्ह राउटरचा आवाज फोनपर्यंत किती पोचतो तेवढेच सांगते. फोनचा आवाज राउटरपर्यंत किती पोचतो हे त्यात नसते, आणि फोन राउटरपेक्षा सहसा हळू बोलतो. तिसऱ्या खोलीत बसलेल्या माणसाला अंगणातली हाक ऐकू येते, पण त्याचे उत्तर अंगणात पोचत नाही, अशी ती स्थिती. पूर्ण रेंज पाहून ‘दोष रेडिओत नाही’ असे म्हणणे म्हणजे प्रत्यक्षाला त्याच्या कक्षेबाहेर नेणे होय.

संध्याकाळी नेट मंदावते, हे निरीक्षण घराघरांत असते आणि ते खरेही असते. त्यावरून ‘संध्याकाळ हे कारण’ असे कोणी स्पष्ट म्हणत नाही, पण वागणे तसेच असते: संध्याकाळी काम टाळायचे. इथे न्यायातली उपाधी ही कल्पना उपयोगी पडते. जिथे धूर तिथे आग हे खरे. जिथे आग तिथे धूर हे खोटे, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे आणि धूर नाही. आगीबरोबर धूर येतो तो ओल्या जळणामुळे. ओले जळण ही इथली उपाधी. तिने आपला गुण आगीला उसना दिलेला असतो. संध्याकाळचेही तसेच. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तेरा चॅनेल असले तरी एकमेकांना न छेदणारे नेहमीचे तीनच: १, ६ आणि ११. वाय-फायची शिस्त अशी की बोलण्याआधी ऐकायचे आणि दुसरे कोणी बोलत असेल तर थांबायचे. इमारतीतल्या वीस घरांत माणसे एकाच वेळी परतली की तीन चॅनेलवर वीस राउटर थांबून थांबून बोलतात. मंदपणा गर्दीचा आहे, संध्याकाळला तो उसना मिळालेला आहे.

हे नुसते म्हणून चालत नाही, पडताळावे लागते. त्यासाठी संध्याकाळ आणि गर्दी यांची फारकत झालेले प्रसंग हवेत. रविवारच्या पावसाळी दुपारी सगळे घरात असतात. तेव्हाही नेट मंद असेल तर संध्याकाळविना कार्य घडले. गणपतीत मुंबईतल्या इमारती कोकणात गेलेल्या असतात. त्या दिवसांतल्या संध्याकाळी नेट धावत असेल तर संध्याकाळ असून कार्य घडले नाही. दोन्ही बाजूंनी संध्याकाळ कारणपदावरून उतरते. गर्दी उरते, पण कोणती? इमारतीतली हवा की कंपनीची बाहेरची तार? कारण सगळे परतले की तारेवरही भार येतोच. त्याचा निकाल पुन्हा केबल देते: संध्याकाळी केबलवरही मंद असेल तर गर्दी बाहेरची आहे आणि चॅनेल बदलून काही होणार नाही.

असल्यावर असणे हा अन्वय, नसल्यावर नसणे हा व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ मध्ये आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात कारणशोधाच्या पद्धती मांडल्या, त्यांतल्या पहिल्या दोन याच जातीच्या आहेत. मिल यांनी एका अटीवर भर दिला: तुलनेतल्या दोन प्रसंगांत फरक फक्त एका गोष्टीचा असावा. घरातला शोध बहुधा इथेच फसतो. लॅपटॉपचे वाय-फाय अधूनमधून तुटते म्हणून तो दुसऱ्या टेबलावर नेला जातो, आणि नेताना त्याला लावलेली बाहेरची हार्ड डिस्क काढली जाते. वाय-फाय सुधारते, श्रेय टेबलाला मिळते. खरे तर यूएसबी ३ च्या जोडणीतून आणि तिच्या साध्या केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट निघतो, ही चांगली माहीत असलेली गोष्ट आहे. टेबल इथे मडक्याची माती वाहून आणणाऱ्या गाढवासारखे आहे. गाढव प्रत्येक वेळी हजर असेल, पण मडके त्याच्यामुळे होत नाही; नैयायिक अशाला अन्यथासिद्ध म्हणतात. एका खोलीत वेग मोजून घरभराचा निष्कर्ष काढणे ही जवळचीच चूक. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका भांड्यातली सगळी शिते एकाच पाण्यात शिजलेली असतात. खोल्यांचे तसे नसते.

आता राउटर बंद करून चालू करण्याविषयी. हा उपाय सर्वांना ठाऊक आहे, तो पुष्कळदा लागू पडतो, आणि नेमका म्हणूनच त्याची नीट परीक्षा व्हायला हवी. गंगेशांच्या तत्त्वचिंतामणीचा आरंभ ज्या चर्चेने होतो ती मंगलवाद नावाने ओळखली जाते. ग्रंथारंभी मंगलाचरण करावे अशी शिष्टांची रीत आहे. पण मंगलाचरण ग्रंथ पूर्ण होण्याचे कारण आहे का? आक्षेप दोन्ही बाजूंनी आहेत. बाणभट्टांच्या कादंबरीला मंगलाचरण आहे, तरी ती त्यांच्या हातून पुरी झाली नाही. पुढे ती त्यांच्या मुलाने पूर्ण केली. उलट, नास्तिकांचे ग्रंथ मंगलाचरणाविना पूर्ण झाले. म्हणजे अन्वयही ढळला, व्यतिरेकही ढळला. श्रद्धेच्या आचाराची इतक्या निर्भयपणे छाननी करणे, आणि तीही तो आचार पाळत असताना, ही न्यायपरंपरेची मोठी मिळकत आहे. नव्य नैयायिकांनी दिलेले उत्तरही तितकेच काटेकोर: मंगलाचरणाचे फळ विघ्नांचा नाश एवढेच; ग्रंथ पूर्ण होतो तो बुद्धी, प्रतिभा वगैरे आपल्या कारणांमुळे.

राउटर बंद-चालू करण्याला हेच उत्तर शब्दशः लागू पडते. या एका कृतीने पाच-सहा गोष्टी एकदम घडतात: राउटरची भरलेली स्मृती रिकामी होते, जोडण्यांची जुनी नोंद पुसली जाते, राउटर कदाचित नवा चॅनेल निवडतो, कंपनीकडून नवा पत्ता मिळतो, फोन दूरचा दुवा सोडून जवळचा धरतो. यांतले कोणते विघ्न होते ते कळत नाही, कारण सगळी एकदम गेली. पुरावाही त्यांच्याबरोबर गेला. शिवाय काही बिघाड दहा मिनिटांत आपोआप मिटणारे असतात. राउटर उठायला तीन-चार मिनिटे घेतो, तेवढ्यात ते मिटतात, आणि कावळा बसायला अन् फांदी मोडायला एकच गाठ पडते. बंद-चालू करणे चूक नाही. तातडी असेल तेव्हा तेच करावे. मात्र त्याने विघ्न टळले, निदान झाले नाही, आणि रोज बंद-चालू करावे लागणारा राउटर दुरुस्त झाला असे कोणी मानू नये.

तंत्रज्ञ घरी आला की नेट नेमके चालू असते, ही तक्रार खरी असते. तो वीस मिनिटे तपासतो, दोष दिसत नाही, ‘सर्व ठीक’ अशी नोंद करून जातो. अभावाचे ज्ञान कसे होते यावर मीमांसकांतली भाट्ट शाखा आणि नैयायिक यांचे मतभेद आहेत. भाट्ट अनुपलब्धीला, म्हणजे न दिसण्याला, ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानतात, नैयायिक मानत नाहीत. पण एका अटीवर दोघांचे एकमत आहे: वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी स्थिती असेल तरच न दिसण्यावरून नसणे ठरते. उजेडात टेबलावर घडा दिसला नाही तर घडा नाही; अंधारात दिसला नाही तर काहीच ठरत नाही. सरासरी तीन तासांनी एकदा, पण अनियमितपणे होणारा बिघाड वीस मिनिटांत न दिसण्याची शक्यता सुमारे ९० टक्के असते. तंत्रज्ञ प्रामाणिक असतो, घरचेही खरे सांगत असतात. न दिसणे फक्त त्या अटीत बसत नसते. उपाय केल्यानंतरही हाच हिशेब ठेवावा. बिघाड गेला असे म्हणण्यापूर्वी सरासरी अंतराच्या निदान तिप्पट वेळ, इथे नऊ तास, तो दिसू नये. दोष कायम असूनही नऊ तास न दिसण्याची शक्यता तेव्हा पाच टक्क्यांवर येते.

तरीही पाच टक्के उरतातच. चार्वाकांचा आक्षेप इथेच बोट ठेवतो: कितीही वेळा पाहिले तरी नेहमी तसेच होईल याची खात्री कशावरून? पुढे डेव्हिड ह्यूम यांनीही अठराव्या शतकात हेच विचारले. उदयनाचार्यांनी उत्तर दिले ते माणसाच्या वागण्याकडे बोट दाखवून. धूर हवा असणारा आग पेटवतो, भूक लागलेला जेवतो. ज्या शंकेने स्वतःचीच कृती खोटी ठरते तिथे शंका थांबते. वेदान्ती श्रीहर्षांनी या उत्तरावर कठोर हल्ला चढवला आणि तर्काच्या पातळीवर तो वाद मिटला असे म्हणता येत नाही. व्यवहारात मात्र उदयनांची बाजू वजनदार आहे. भट्टी बंद केल्यावर कॉल सुधारतो हे सात वेळा पाहिल्यावर आठव्यांदा भट्टी बंद करणाऱ्याला आपली व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींची न चुकणारी सोबत, सिद्ध करत बसण्याची गरज नसते. ती कधी ढळली तर नवा संशय येईल आणि शोध पुन्हा सुरू होईल.

या शोधाची खरी अडचण बुद्धीची नसून स्मरणाची आहे. बिघाड होतो तेव्हा माणूस घाईत असतो, आणि निवांत होतो तेव्हा तपशील विसरलेला असतो. उरते ते ‘सारखे जाते’ एवढेच. त्यावर कोणत्याही कंपनीचा कोणताही तंत्रज्ञ काही करू शकत नाही. म्हणून राउटरजवळ एक वही ठेवावी. तारीख, वेळ, खोली, कोणता फोन किंवा लॅपटॉप, केबलवर चालत होते की नाही, डब्यावरचे कोणते दिवे कोणत्या रंगाचे होते आणि घरात त्या क्षणी काय चालू होते, एवढे लिहावे. हे लिहून झाल्यावरच राउटर बंद करावा.